होडी ओढायचा दोर: जाडी नव्हे, धागा विचारा

मुठा खोऱ्याच्या माथ्यावरून घाट उतरला की कोकण. तिथे मिरकरवाडा, साखरी नाटे या बंदरांत आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. मोठ्या लाँचमागे लहान होडी बांधून ओढायची असेल तर सगळा भरवसा एका दोरावर असतो. हा माल आपल्या पुण्याचाही आहे. १९७६ साली सुरू झालेली गरवारे वॉल रोप्स (२०१८ पासून गरवारे टेक्निकल फायबर्स) दोर आणि जाळी बनवते.

गिऱ्हाईक दुकानात येऊन जाडी आणि भाव विचारते. कापडाच्या धंद्यात आपण आधी सूत पाहतो, तसेच इथेही पाहावे.

नायलॉन ताणला की लांबतो. लाटेचा झटका तो स्वतः गिळतो, म्हणून होडीच्या नाळेवरचे कडे उपटत नाही. पण ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के घटते, आणि तो पाण्यात बुडतो. लाँच हळू झाली वा मागे घेतली की ढिला दोर पंख्यात गुंततो. मग इंजिन बंद, आणि खडक जवळ असला तर लाँचही गेली! पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे तरंगते आणि स्वस्तही पडते. मात्र उन्हाने ते ठिसूळ होते. हातावर भुकटी उतरू लागली की तो दोर बाद समजावा. पॉलिएस्टर ऊन सोसते, पण ताणत कमी. जुना काथ्याचा सुंभ तरंगत असे आणि ताणतही असे, पण कुजत असे.

माझे मत असे की खुल्या समुद्रात नायलॉनच घ्यावा आणि त्यावर ठरावीक अंतराने तरंगते बोये ओवावेत. खाडीतल्या शांत पाण्यात पॉलिप्रॉपिलीन चालेल.

नुसत्या दोराने काम भागत नाही. साध्या गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. पीळ उकलून गुंफलेला फास करावा, त्यात लोखंडी थिंबल बसवावी. कारागिराची मजुरी इथे वाचवू नये. होडी गरगरली तर पीळ चढू नये म्हणून भोवरकडी लावावी. लाँचच्या मागे दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा जोड दोर घेतला की ओढ मधोमध राहते. दोर जिथे लाकडावर घासतो तिथे कॅनव्हास किंवा चामडे गुंडाळावे. आपल्या दुकानातले तुकडे इथे कामी येतात!

दोराची लांबी अशी ठेवावी की लाँच आणि होडी एकाच वेळी लाटेवर चढतील. बंदरात शिरताना तो आखडता घ्यावा. होडीत माणूस, वल्ही, आउटबोर्ड इंजिन काही ठेवू नये. ताणलेला नायलॉन तुटला तर चाबकासारखा उलटतो. त्याच्या रेषेत उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. खुंट्याजवळ धारदार कोयता हवाच.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. दोर पसरून, पीळ उघडून आतला धागा तपासायला हे दिवस बरे. आत वाळू आणि तुटके तंतू दिसले तर तो दोर गुरे बांधायला द्यावा.