राणी सत्त्वशीलादेवी व सावंतवाडीचा गंजिफा

'राणी' हा शब्द कानी पडताच सिंहासन, दासदासी व रत्नजडित अलंकार डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु आपल्याच जिल्ह्यात अशी एक राणी होऊन गेली की, राज्यकारभार तिच्या वाट्यास आलाच नाही, आणि तरीही शेकडो वर्षांची एक विद्या नामशेष होण्यापासून वाचविण्याचे श्रेय तिला द्यावे लागते. सावंतवाडीच्या राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांचा परिचय आपणांस करून द्यावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

सावंतवाडीचे संस्थान भोसले घराण्याचे. १९३७ साली बापूसाहेब महाराज निवर्तले, तेव्हा त्यांचे पुत्र शिवरामराजे अवघ्या दहा वर्षांच्या आतील होते. राजमाता पार्वतीदेवींनी १९४७ पर्यंत त्यांच्या वतीने कारभार पाहिला. सावंतवाडीतील राणी पार्वतीदेवी हायस्कूल त्यांचेच नाव धारण करिते. पुढे १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले व राज्यसत्ता संपली. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या सत्त्वशीलादेवी या शिवरामराजांच्या पत्नी. पार्वतीदेवींनी जो कारभार वाहिला, तो आता उरला नव्हता. मग राणीने करावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर त्यांना चितारीबांधवांच्या रंगाच्या वाटीत सापडले.

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते. हा खेळ इराणाकडून हिंदुस्थानात आला असावा असे मानितात. १५२७ साली बाबर बादशहाने सिंधच्या शहा हसनास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफ्यात ८ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे त्याने विष्णूच्या दहा अवतारांचे रूप घेतले. या दशावतारी गंजिफ्यात १० रंग असून प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी १२ पाने, म्हणजे एकंदर १२० पाने होतात. मत्स्याचे चिन्ह मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू. बहुधा तिघे जण खेळतात. दिवसा खेळावयाचे झाल्यास आरंभ रामाच्या रंगाने व रात्री कृष्णाच्या रंगाने करावयाचा. काही रंगांत दहाचे पान मोठे, तर काहींत एक्का मोठा; म्हणून खेळणाऱ्यास स्मरणशक्ती चांगलीच राबवावी लागते. ज्या दक्षिण कोकणात दशावतारी नाटके गावोगाव होतात, तेथे हा खेळ रुजला यात नवल नाही.

पत्त्यांचे नाव काढताच पालकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणतो. परंतु येथे आमचा विषय खेळ नव्हे. पान घडविण्याची कला हा आहे. कागदाचे अथवा कापडाचे थर एकमेकांस चिकटवावयाचे, त्यांवर चिंचोक्यांची खळ चढवावयाची, वाळल्यावर दगडाने घोटून पृष्ठ गुळगुळीत करावयाचे, वाटोळे कापावयाचे, मग बारीक कुंचल्याने चित्र काढून वर लाखेचा लेप द्यावयाचा. तळहातात मावेल एवढ्या वर्तुळात आयुधे व वाहन यांसह देवमूर्ती बसवावयाची! १२० पानांचा एक संच म्हणजे कित्येक दिवसांची बैठक होय. छापखान्यातील स्वस्त पत्ते बाजारात आल्यावर एवढ्या श्रमांचे मोल कोण देणार? चितारी कुटुंबांतील तरुण दुसऱ्या उद्योगास लागले व ही विद्या जाणणारा बोटांवर मोजण्याइतकाही राहिला नाही.

एखादे हस्तलिखित कपाटात शतकभर पडून राहिले तरी पुन्हा वाचिता येते. हाताच्या विद्येचे तसे नाही; जाणता मनुष्य गेला की तीही त्याजबरोबर जाते. हे ओळखून शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनी एका वयोवृद्ध चिताऱ्यापाशी बसून ती कला स्वतः शिकून घेतली, व मग इतरांस शिकविण्याची तजवीज केली. राजवाड्यातील राणीने आपल्याच एके काळच्या प्रजाजनाचे शिष्यत्व पत्करावे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. १९७१ साली 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था निघाली. याच वर्षी घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व सरकारमान्य पदव्या रद्द झाल्या, हा योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. कायद्याने राणीपद गेले, आणि त्याच वर्षी ज्या कार्याने त्या पुढे ओळखल्या गेल्या त्याची संस्था उभी राहिली. मोती तलावाकाठच्या राजवाड्यातील दरबार हॉलमध्ये, जेथे पूर्वी मानकरी बसत, तेथे चित्रकार मांडी घालून पाने रंगवू लागले. गंजिफ्याबरोबरच लाखकामाच्या लाकडी वस्तूंसही तेथे आश्रय मिळाला. १९९५ साली शिवरामराजे निवर्तल्यावरही राजमातेने हे कार्य सोडिले नाही. २०१८ साली त्या स्वर्गवासी झाल्या. चित्रकारांचे कुंचले मात्र थांबले नाहीत.

अशीच वृत्ती सातासमुद्रापलीकडेही आढळते. पूर्वीचा सयाम, म्हणजे आजचा थायलंड देश, तेथील राणी सिरिकित यांचा जन्म १९३२ चा व राजा भूमिबोल यांच्याशी विवाह १९५० चा. १९५६ साली राजांनी काही काळ भिक्षुव्रत घेतले, तेव्हा राज्याचा भार त्यांनी सांभाळिला. परंतु त्यांचे चिरस्थायी कार्य निराळेच आहे. पतीबरोबर खेडोपाडी फिरताना ईशान्य भागातील गरीब स्त्रियांच्या अंगावरील हातमागाचे रेशीम त्यांनी पाहिले, ते स्वतः वापरून त्यास प्रतिष्ठा दिली, आणि १९७६ साली ग्रामीण कारागिरांसाठी संस्था स्थापिली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. एकीपाशी अखिल देशाचे राजवैभव, दुसरीपाशी विलीन झालेल्या लहानशा संस्थानाचा वाडा. तथापि दोघींनी आपल्या पदाचा उपयोग एकच केला. लोक ज्या कामास हलके समजत होते, त्याजकडे त्यांनी आदराने पाहिले, व मग लोकही तसे पाहू लागले.

पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे जे वर्णन आहे, त्यात तिच्या दागिन्यांपेक्षा तिच्या कामकरी हातांचेच कौतुक अधिक आहे, हे आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य पाहावे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलगा बुद्धिमान असेल तर त्याने मुंबईस जाऊन कचेरीत बसावे, आणि हातकाम इतरांसाठी ठेवावे, अशी समजूत आपल्या घरांतून अद्यापि गेलेली नाही. सुताराचा मुलगा वडिलांचा धंदा सांगताना वर्गात मान खाली घालितो, हे दृश्य शिक्षकांस अपरिचित नाही. ती मान वर होईल असे बोलणे आपल्या घरी होऊ द्यावे. आणि मुलांनो, पुढील सुटीत सावंतवाडीस गेलात तर चितारआळीतून लाकडी फळे घेऊन तसेच परतू नका. राजवाड्यात जा, रंगविणाऱ्यांच्या शेजारी क्षणभर उभे राहा, आणि एका पानास किती वेळ लागतो ते विचारा. आपल्या गावीही होडी बांधणारा, सुंभ वळणारा, मातीची भांडी घडविणारा एखादा वृद्ध असेल. त्यास आजच विचारावयास हवे. उद्या कदाचित उत्तर देणारा नसेल.