बाइकला ट्रेलर जोडताय? ओढण्याआधी थांबण्याचा हिशेब करा

कोल्हापूर : गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्यावर दिसतात. मग भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन किंवा खताची दोन पोती नेण्यासाठी बाइकला छोटी ट्रॉली का जोडू नये, असा विचार अनेकांच्या मनात येतो. उद्यमनगरीत अँगल कापून, वेल्डिंग मारून अशी ट्रॉली बनवून घेणे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. बाइक ती ओढेल, पण वेळेवर थांबवू शकेल का? आणि अपघात झाला तर कागदपत्रे साथ देतील का?

ब्रेकचे गणित काय सांगते?

१०० सीसीच्या बाइकचे वजन साधारण ११० किलो आणि चालकाचे ७० किलो धरा. एकूण १८० किलो. मागे मालासह ९० किलोचा ट्रेलर जोडला की वजन २७० किलो, म्हणजे दीडपट होते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर हे सगळे वजन बाइकच्याच दोन चाकांनी थांबवायचे असते.

ताशी ५० किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावल्यास एकटी बाइक सुमारे १६ मीटरमध्ये थांबते. ट्रेलरसह हेच अंतर सुमारे २४ मीटर होते. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी १४ मीटरची भर पडते. पावसात हे अंतर आणखी वाढते.

पन्हाळा, गगनबावडा किंवा आंबा घाटात अडचण दुप्पट होते. दर १२ मीटरला १ मीटर उतार असेल, तर ९० किलोचा ट्रेलर सुमारे साडेसात किलोच्या जोराने बाइकला सतत मागून ढकलत राहतो. वळणावर बाइक कललेली असताना जोरात ब्रेक लावला, तर हाच धक्का मागचे चाक बाजूला सरकवू शकतो. चढावर क्लच आणि इंजिन तापते ते वेगळेच.

किती वजन चालेल?

ब्रिटनमधला नियम अंदाज घेण्यासाठी उपयोगी आहे. तिथे १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकललाच ट्रेलर जोडता येतो. मालासह ट्रेलरचे वजन १५० किलो किंवा बाइकच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तेवढेच चालते. ट्रेलरची रुंदी एक मीटरपेक्षा जास्त नको.

हा हिशेब इथे लावला तर सुमारे १९५ किलोच्या बुलेट ३५० मागे १३० किलोपर्यंतचा ट्रेलर बसतो. १०० सीसीची बाइक मात्र या नियमात बसतच नाही. म्हणजे ज्या बाइकला गावोगावी ट्रॉली जोडावीशी वाटते, तीच या कामासाठी सर्वांत कमकुवत आहे.

एक चाक की दोन चाके?

एकचाकी ट्रेलर बाइकबरोबर कलतो आणि तिच्याच रेषेत धावतो. त्यामुळे बाइकने चुकवलेला खड्डा तोही चुकवतो. मात्र त्यात माल कमी बसतो.

दोनचाकी ट्रेलरमध्ये माल जास्त बसतो आणि तो उभाही राहतो. पण बाइक खड्डा चुकवते आणि ट्रेलरचे एक चाक नेमके त्यात जाते. वळणावर तो आतल्या बाजूने कापतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

जोडणी कशी हवी?

ट्रॅक्टर वळताना कलत नाही, बाइक कलते. त्यामुळे ट्रॅक्टरसारखा साधा हुक आणि पिन इथे चालत नाही. जोड डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलायला हवा, शिवाय स्वतःभोवती फिरायलाही हवा. नाहीतर दोनचाकी ट्रेलर बाइकला कलू देणार नाही. मागच्या कॅरिअरला किंवा सीटमागच्या पकडदांडीला हुक वेल्ड करणे धोक्याचे आहे. ते भाग ओढण्यासाठी बनवलेलेच नसतात.

माल कसा भरायचा?

बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दोनचाकी ट्रेलरचेही तेच आहे. मागे जड असेल तर तो बाइकचे मागचे चाक उचलू पाहतो आणि वेगात शेपटीसारखा डुलू लागतो. म्हणून एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार दांडीवर यायला हवा. दांडी वजनकाट्यावर टेकवून तो मोजता येतो. जड माल तळाशी आणि चाकांच्या किंचित पुढे ठेवावा. ट्रेलर डुलू लागलाच, तर जोरात ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) नुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे, त्याला इंजिन नसले तरी. कलम ६१ नुसार त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

खरा फटका अपघातानंतर बसू शकतो. नोंदणी आणि विमा नसलेल्या ट्रेलरमुळे कुणी जखमी झाले, तर भरपाईचा बोजा मालकावर येण्याची भीती असते.

पैसे खर्च करण्याआधी

- तुमच्या मॉडेलला ट्रेलर जोडता येतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.
- वर्कशॉपला ॲडव्हान्स देण्याआधी आरटीओमध्ये नोंदणीबाबत विचारा.
- विमा कंपनीला कळवा आणि त्यांचे उत्तर जपून ठेवा.
- ब्रेक लाइट, इंडिकेटर, रिफ्लेक्टर आणि जोड निसटला तर धरणारी साखळी हवीच.
- बाइकला रिव्हर्स गिअर नसतो. अरुंद गल्लीत ट्रेलर सोडूनच वळवावा लागतो.

यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ आली, तर ट्रॉलीचा नाद सोडलेला बरा. रोजचा माल ३०-४० किलो असेल तर बाइकच्या दोन्ही बाजूंना क्षमतेत बसणारे बॉक्स पुरतात. त्याहून जास्त असेल तर तीनचाकी मालवाहू रिक्षा किंवा शेजाऱ्यांसोबत भाड्याने घेतलेला ‘छोटा हत्ती’ परवडतो. या दोन्ही गाड्यांचे ब्रेक त्या वजनासाठीच बनवलेले असतात.