मुलींच्या वाट्याचे मैदान

भिवंडी तालुक्यातील दापोडे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर आणि ट्रकची रीघ असते. मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर हा सारा पट्टा एके काळी भातशेतीचा होता. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर आणि तरीही मुंबईला खेटून, म्हणून इथे गोदामे आली. 2017 साली मुंबईची जकात बंद झाली, गोदामे मात्र वाढतच राहिली. या गोदामांनी आपल्या अनेक घरांना हमालीचे, पॅकिंगचे, राखणदारीचे काम दिले हे नाकारून चालणार नाही. पण भातकापणीनंतर पोरांना हुंदडायला मोकळी सापडणारी खाचरे गेली. मुलगे कुठेतरी जागा शोधून काढतात. गोदामामागची एखादी पट्टी, रविवारी बंद असलेले एखादे आवार त्यांना पुरते. मुलींना तशी जागा शोधायला कोणी पाठवत नाही.

अशा गावात सहा ते दहा वर्षांच्या मुलीला छाती भरून धावता येईल अशी एकच जागा उरते, ती म्हणजे शाळेचे मैदान. आणि तेही तिच्या वाट्याला पुरते येत नाही.

आईबाप दोघे कामावर गेले की धाकट्या भावाला कडेवर घेणे, पाण्याची कळशी भरून ठेवणे, भांडी घासणे हे थोरल्या मुलीकडे येते. गरिबाच्या घरात कोणीतरी हे करायलाच हवे, त्यात आम्ही कोणाला दोष देत नाही. पण "आमची पोर फार गुणी, शाळेतून आली की घराबाहेर पाऊल टाकत नाही" असे कौतुक वस्तीवस्तीतून ऐकू येते, ते आम्हाला खटकते. आठ वर्षांच्या मुलीने घराबाहेर पाऊल टाकू नये यात कसला आला गुण? तिच्याच वयाच्या भावाला आपण असे गुणी म्हणतो का?

खो-खोचा डाव पाहा. आठ जणी ओळीत बसतात, शेजारच्या दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना. नववी पाठलाग करते. तिला बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. पळणारी हुलकावणी देऊन निसटली, की बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावायचा आणि "खो" म्हणायचे. ती उठते, धावते, हिची जागा घेते. शिवल्याशिवाय खो नाही, आणि खो दिल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही. पाठीवर कोणाचा हात पडला, तो कुठल्या आळीतला, कुठल्या जातीचा, हे विचारायला तिथे वेळच नसतो.

आपल्या समाजाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर, इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. शाळेतल्या नळाला त्याने स्वतः हात लावायचा नाही, असा दंडक होता. पळवणकर बाळू हा चांभार समाजातला गोलंदाज. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात ज्यांच्यासाठी तो चेंडू टाकत होता, तेच त्याला चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात देत. मैदानावर त्याचा हात चालत होता, कपाला चालत नव्हता. आज कायदा बदलला आहे, शाळेत मुले एकत्र बसतात, एका पंगतीत दुपारचा आहार घेतात. तरी मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर खेळते, कोणाला डावात घेत नाहीत, हे आपल्या मुलीला एकदा जवळ बसवून विचारा. पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्या उत्तरातून शाळा अधिक कळते.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी मायबहिणींना जे सांगितले, त्यात मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, त्यांच्यात मोठे होण्याची आकांक्षा रुजवा, हे होते. न्यूनगंड नुसत्या उपदेशाने निघत नाही. वर्गात खाली मान घालून बसणारी मुलगी कबड्डीत चढाई करते, चार जणींच्या कचाट्यातून सुटून मध्यरेषेला हात लावते, तेव्हा तो थोडा निघतो. हरल्यावर रडून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहते, तेव्हा आणखी थोडा.

जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्र, बीट, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात. लंगडी, खो-खो, कबड्डी, धावणे, लांब उडी. गुरुजी किंवा बाई मुलीचे नाव काढतात, आणि संघाला दुसऱ्या गावी जायचे म्हटले की घरातून नकार येतो. मुलाचे नाव निघाले तर त्याच घरातून नवे बूट येतात! साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत होती. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी तिने गाठली. धाराशिवची सारिका काळे खो-खोच्या भारतीय संघाची कर्णधार झाली, 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारतीय मुलींनी प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली नेपाळला 78-40 असे हरवून जिंकला. या सगळ्या जणी कधीतरी कोणाच्या घरातून परवानगी घेऊनच मैदानावर गेल्या असतील. आपली प्रत्येक मुलगी पदक आणील असे आम्ही म्हणत नाही. तिने संघाबरोबर टेम्पोत बसून शेजारच्या गावी जावे, डबा वाटून खावा, हरून किंवा जिंकून परत यावे, एवढेच पुष्कळ आहे.

शरीराचे बोलायचे तर पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धावण्या-उड्यांनी हाडे बळकट होतात, आणि ती बळकट करण्याचे वय हेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. खेळणाऱ्या मुलीला भूक लागते. ती भागवायला मूठभर शेंगदाणे-गूळ, नाचणीची भाकरी, हिरवी पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे पुरे. मात्र घरात एकच अंडे असेल तर ते कोणाच्या ताटात पडते, हे प्रत्येक आईने आपल्याशीच विचारून पाहावे.

आता भीतीविषयी. 2024 साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तेव्हापासून आयांच्या पोटात गोळा आहे. ही भीती खोटी नाही, तिला कोणी हसू नये. पण तिच्यावर मुलीला घरात कोंडणे हा उपाय नव्हे. घरातही सगळ्याच मुली सुरक्षित असतात असे नाही. संघाबरोबर बाई आहेत का, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, परतताना कोण सोबत असेल, हे शाळेला उघडपणे विचारा. मुलीला 1098 हा क्रमांक पाठ करायला लावा. आणि मैदानावर काय झाले ते रोज ऐकून घ्या, म्हणजे वेळ आलीच तर नको असलेली गोष्टही ती तुम्हाला सांगेल.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवे, खेळाचे साहित्य हवे असे लिहिले आहे. पण शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही अंशकालीन आणि शंभरावर पट असेल तरच. पहिली ते पाचवीला वर्गशिक्षकच सर्व पाहणार. त्यामुळे खेळाची तासिका गणिताच्या पोटात जाते. हा कायदा शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा देतो, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगतो. आपल्या किती भगिनी तिथे नुसती सही करून परततात? पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: या आठवड्यात मुली किती वेळ खेळल्या?

गोदामांच्या गावी मैदान आक्रसत असेल तर विहाराचे अंगण आहे. रविवारी वंदना झाल्यावर तासभर महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी बसावे आणि सगळ्या आळ्यांतल्या मुलींना बोलवावे. लंगडीला चुन्याच्या चार रेघा पुरतात. आमच्या तरुण मंडळांनाही एक सांगणे आहे. पोलीस भरतीसाठी आठशे मीटर धावायला आपल्या कितीतरी मुली विशीत पहाटे रस्त्याच्या कडेने सराव करताना दिसतात, वाहनांच्या धुरात, दम लागून थांबत. मधली दहा वर्षे त्यांना कोणी धावू दिले नव्हते. 14 एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेत मिरवणूक आणि डीजेच्या आधी, सकाळी सात वाजता, चौथीपर्यंतच्या मुलींच्या शर्यती लिहा. चुन्याची एक पिशवी, एक शिट्टी, दोन पंच आणि सगळ्यांना सारखी एकेक वही. वर्गणीतला हा खर्च फार मोठा नाही.