विश्लेषण : होडीची वाकलेली डोलकाठी सरळ करता येते का?

शिडाच्या छोट्या होडीची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी वाकली, तर ती सरळ करायची की बदलायची? उत्तर ठरते ते बाक कसा पडला आहे यावर.

काठी वाकते कुठे?

विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन टोक्यो व पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारच्या होडीतून उतरले, ती ‘आयएलसीए’, म्हणजे पूर्वीची ‘लेझर’. लांबी ४.२३ मीटर, शीड एकच. तिची डोलकाठी दोन नळ्यांची असते. वरची नळी खालच्या नळीत बसते. वारा वाढला की शीड सपाट करण्यासाठी दोरीने बूम खाली ओढतात आणि काठी धनुष्यासारखी मागे वाकते. ताण सुटला की ती पुन्हा सरळ होते. मर्यादेपलीकडे ताणली, तर मात्र बाक कायमचा राहतो. तो बहुधा वरच्या नळीच्या तळाशी, सांध्याजवळ पडतो. तिथे प्लास्टिकची कॉलर रिव्हेटने बसवलेली असते आणि रिव्हेटच्या भोकामुळे नळी तिथेच कमकुवत होते. उथळ पाण्यात होडी उलटून काठीचे टोक चिखलात रुतले, तरीही ती वाकू शकते.

सरळ कशी करतात?

नळी सपाट फरशीवर लोळवा. बाक असेल तर ती अडखळते आणि मधली फट दिसते. मग कापड गुंडाळलेल्या दोन आधारांवर बाकाचा फुगवटा वर ठेवून अंगाच्या भाराने सावकाश दाबायचे. हात काढताच धातू थोडा मागे येतो, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पुढे न्यावे लागते. थोडे दाबा, पुन्हा लोळवा. हातोडा नकोच. ब्लोटॉर्च तर अजिबात नको. हा मिश्रधातू कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन कडक केलेला असतो. आच लागली की तो कडकपणा जातो. काठी सरळ दिसेल, पण पुढच्या जोरदार वाऱ्यात तिथेच वाकेल.

भरवसा कधी ठेवू नये?

नळीची ताकद तिच्या गोलाईत असते. लांबवर पसरलेला हलका बाक निघतो. पण एका जागी चेपून घडी पडली असेल किंवा भोकापाशी केसाएवढी चीर दिसत असेल, तर नळी बदलावी. एकाच जागी वारंवार वाकवून सरळ केल्यानेही धातू ठिसूळ होतो. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली तर ती गंजाची खूण. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलच्या रिव्हेटला लागून असलेले अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते.

अनेक जण बाक काढल्यावर नळी उलटी करून, कॉलर दुसऱ्या टोकाला बसवतात. मग सर्वाधिक ताण थकलेल्या टोकावर येत नाही. स्पर्धकांसाठी मुद्दा आणखी सरळ आहे : कायमचा बाक असलेली काठी या वर्गाच्या नियमांत चालतच नाही. आता वरची नळी कम्पोझिटचीही मिळते. ती महाग पडते, पण तिला असा कायमचा बाक राहत नाही. एक तर ती पूर्ववत होते, नाही तर तुटते.