माळ्यावरच्या ग्रामोफोनचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करणें निराळें आणि जुनें देऊळ पाडून त्या जागीं नवें उभारणें निराळें, हा भेद आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. गळणारें शिखर सारखें करावयाचें, खचलेली भिंत सावरावयाची, पण मूर्तीस धक्का लागूं द्यावयाचा नाहीं, ही त्यांची रीत. जुन्या ग्रामोफोनच्या बाबतींत मात्र हा विवेक सुटलेला दिसतो. पुष्कळ वाचकांच्या घरीं माळ्यावर किंवा कोठीच्या खोलींत आजोबा-पणजोबांच्या वेळचें चावीचें यंत्र असेल, आणि त्याच्या शेजारीं तबकड्यांनीं भरलेली एखादी जड पेटी. अलीकडे अशा वस्तूंची हौस वाढली आहे. घरांतला एखादा तरुण तें यंत्र खालीं काढतो, पत्रा घासून लख्ख करवितो, लांकडास नवें रोगण देतो, दिवाणखान्यांत तिपाईवर मांडतो, आणि चार पाहुणे जमवून एक तबकडी लावतो. नुकसान होतें तें याच क्षणीं. कारण यंत्र हें केवळ देऊळ आहे; मूर्ति आहे ती तबकडी.

हें म्हणणें अलंकारिक वाटेल, म्हणून एक उदाहरण देतों. भास्करबुवा बखले सन १९२२ मध्यें वारले. ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली त्यांच्या. बालगंधर्व व मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. सन १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहर जान हिचीं गाणीं मुद्रित झालीं होतीं. म्हणजे बुवांच्या हयातींतच ही कला इकडे येऊन पोंचली होती. तथापि बुवांचें गाणें आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. शिष्यांचें मिळतें, तें या तबकड्यांमुळें. एखाद्या गवयाचा आवाज जर तीन-सवातीन मिनिटांच्या दोन बाजूंपुरताच मागें उरला असेल, तर ती तबकडी एक वेळ वाजविणें म्हणजे त्या आवाजाचा कांहीं अंश खर्च करणें होय. यंत्र दुरुस्त करावयास बसणाऱ्यानें ही गोष्ट आधीं मनाशीं पक्की करावी. स्क्रू काढणें मागाहून.

या तबकड्या कशाच्या, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बांगड्यांस आणि लखोट्याच्या मोहोरेस लागणारी जी आपली लाख, तीच शुद्ध करून तींत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा तंतु मिसळीत. प्रारंभीं इकडे मुद्रित झालेलीं गाणीं जर्मनींत हॅनोव्हर येथें जात आणि तेथें तबकड्या होऊन परत येत. सन १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, व १९२८ मध्यें तो डमडम येथें गेला. लाख ठिसूळ असते, म्हणून तबकडी हातांतून पडली कीं फुटली. आणि लाख स्पिरिटांत विरघळते. सुतार पॉलिश करतो तें लाख स्पिरिटांत विरवूनच, हें आठवलें म्हणजे तबकडी स्पिरिटानें पुसण्याची बुद्धि कोणास होणार नाहीं. मऊ ब्रशानें धूळ झाडावी. मळ घट्ट असेल तर थंड पाण्यांत सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, मधली कागदी चिठ्ठी कोरडी राखून, रेषांच्या ओघानेंच पुसावी, आणि सावलींत उभी ठेवून वाळवावी.

आतां सुईविषयीं. पोलादी सुई एका बाजूस एकच वापरावयाची. या नियमास अपवाद नाहीं. तबकडींत दगडाची भुकटी असते ती याचसाठीं कीं, पहिल्या कांहीं फेऱ्यांतच सुईचें टोंक घासून खांचेच्या आकाराचें व्हावें. पण हें घासणें तेथें थांबत नाहीं. गाणें संपेपर्यंत टोंकास दोन बाजूंनीं धारदार कडा आलेल्या असतात. तीच सुई दुसऱ्या गाण्यावर ठेवली म्हणजे ती खांचेंत चालत नाहीं, खांच कातीत जाते. आणि तिच्यावर साउंडबॉक्सचें शंभर ग्रॅमांहून अधिक वजन असतें! आगपेटीची अर्धी जळलेली काडी दुसऱ्या चुलीसाठीं राखून ठेवणारीं आपलीं घरें. एक सुई एका गाण्यांत फेंकावयाची, ही गोष्ट तेथें पटावी कशी? आठ-दहा गाणीं एकाच सुईवर काढण्याची वहिवाट घरोघर होती. जुन्या नाट्यगीतांच्या कित्येक तबकड्यांत आज जी खरखर ऐकूं येते, ती काळाची नव्हे, काटकसरीची होय. नव्या सुया अजूनहि मिळतात. जाड सुईचा आवाज मोठा, बारकीचा लहान. घरच्या खोलीस बारकी पुरते.

यंत्राचें हृदय म्हणजे पेटीच्या आंतली कमान. ती पोलादाची लांब पट्टी असून एका गोल डब्यांत गुंडाळून बसविलेली असते. कांहीं यंत्रांत अशा दोन असतात. यंत्र उघडण्यापूर्वीं तें रिकामें फिरूं देऊन चावी पूर्ण उतरवावी. कमानीचा डबा मात्र घरीं कोणीं उघडूं नये. चावी उतरली तरी पट्टी आंत दाबूनच बसलेली असते. झांकण निघतांच ती उसळते आणि बोटें कापते. हें काम जुन्या घड्याळांचा किंवा शिवणयंत्रांचा जाणता कारागीर करील. वर्षानुवर्षें पडून असलेल्या यंत्रांत मूळ वंगण डांबरासारखें घट्ट होतें; पट्टीचे वेढे एकमेकांस चिकटतात आणि गाणें चालू असतां एकदम सुटतात. त्या वेळीं पेटींतून ‘धब्’ असा आवाज येतो व सूर डळमळतो. यावर उपाय एकच: कमान बाहेर काढून रॉकेलनें धुवावी, पूर्ण वाळवावी, आणि ग्राफाइट मिसळलेलें नवें वंगण लावून पुन्हा बसवावी. वरून तेल ओतल्यानें कांहीं साधत नाहीं.

कमानीची शक्ति प्रथम अधिक व मागाहून कमी, असें असतां तबकडी एकाच गतीनें कशी फिरते? तें काम गव्हर्नर नांवाचा लहानसा भाग करतो. एका उभट किंवा आडव्या दांड्याभोंवतीं तीन पातळ पट्ट्या, प्रत्येकीच्या मध्यावर एक वजन. वेग वाढला कीं वजनें बाहेर फेंकलीं जातात, पट्ट्या वांकतात, आणि दांड्यावरील चकती ओढली जाऊन चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्यावर घासते. वेग आपोआप आवरला जातो. स्वतः कांहींच उत्पन्न न करितां दुसऱ्याच्या धांवण्यास लगाम घालणाऱ्या या भागास विलायती कारागिरांनीं ठेवलेलें नांव मोठें समर्पक आहे. त्या तुकड्यास शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब लागतो. तो कोरडा पडला तर यंत्र किंचाळतें. पट्टी तुटली तर गाणें थरथरतें.

गतीचा प्रश्न गाणाऱ्या घरांस अधिक जिव्हाळ्याचा आहे. मिनिटास ७८ फेऱ्या हें प्रमाण. यंत्र मंद होऊन ७३॥ फेऱ्यांवर आलें, तर सूर सुमारें अर्ध्या स्वरानें उतरतो. काळी एकमध्यें गाणारा गवई पांढरी एकमध्यें गाऊं लागतो, त्याची तान जड होते, आणि ऐकणारा म्हणतो कीं, यांचें नांव मोठें होतें, पण गाण्यांत तेज नाहीं. दोष गवयाचा नसून वंगणाचा असतो. गति पाहण्यास ७७ रेघांची गोल चकती मिळते. आपल्याकडील विजेचा दिवा सेकंदास शंभर वेळां उजळतो. जुन्या चोकच्या नळीदिव्याखालीं त्या रेघा स्थिर दिसल्या म्हणजे फेऱ्या ७८ झाल्या असें समजावें. नव्या एलईडी दिव्यांत ही लुकलुक पुष्कळदां नसते. अशा वेळीं तबकडीच्या कडेखालीं कागदाची चिठ्ठी खोंचावी आणि घड्याळ पाहून फेऱ्या मोजाव्या. मात्र सुई तबकडीवर चालू असतांनाच, कारण तिच्या ओढीनें वेग थोडा घटतो. सन १९२५ पूर्वींच्या, म्हणजे विजेच्या साहाय्यावांचून भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्या नेमक्या ७८ च्याच असतील असेंहि नाहीं. त्या काळच्या कांहीं तबकड्यांच्या शेवटीं गाणारा स्वतःचें नांव उच्चारतो. गाण्यांतला सूर फसवील, पण माणसाचें साधें बोलणें अनैसर्गिक झालें कीं कानास लगेच कळतें. तेवढ्या शब्दांवरून गति जुळवावी.

साउंडबॉक्समध्यें अभ्रकाचा किंवा धातूचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या कडेस रबराची वळी. हें रबर कालांतरानें लांकडासारखें कठीण होतें. मग आवाज चिरका निघतो, आणि न हलणारा पडदा सुईस व सुई तबकडीस त्रास देते. नवें रबर बसविणें हें सर्व दुरुस्तींतलें स्वस्त काम, आणि गुण मात्र त्याचाच सर्वांत अधिक. कांहीं साउंडबॉक्स जस्ताच्या मिश्रणाचे असत. ते आपसूक तडकतात, म्हणून स्क्रू जोरानें पिळूं नयेत.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आपलें यंत्र शहरांतील एका दुरुस्तीवाल्याकडे दिलें. परत आलें तें इतकें चकचकीत कीं ओळखूं येईना. मूळचा साउंडबॉक्स जाऊन हलका पितळी आला होता, झांकणाच्या आंतलें मूळ चित्र घासून गेलें होतें, आणि कमानीस मात्र कोणीं हात लावला नव्हता. म्हणून दुरुस्तीस देण्यापूर्वीं काय बदलावयाचें नाहीं याची यादी लेखी द्यावी, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागावा. मोठ्या शहरांतील जुन्या बाजारांत पितळी कर्ण्याचीं जीं ‘पुरातन’ यंत्रें विकावयास असतात, त्यांतलीं पुष्कळ अलीकडे जुळविलेलीं असतात: पेटी नवी, कर्णा पातळ पत्र्याचा, आणि आंतली यंत्रणा एखाद्या मोडक्या प्रवासी ग्रामोफोनची. शोभेस तीं ठीक. घरची तबकडी त्यांवर ठेवूं नये.

सन १९४८ मध्यें आलेल्या लांब गाण्यांच्या तबकड्या या यंत्रावर कदापि लावूं नयेत. त्यांची खांच बारीक आणि द्रव्य मऊ. एका वाजवण्यांत त्या नासतात. उलट दुर्मिळ लाखेची तबकडी चावीच्या यंत्रावर लावण्याऐवजीं ७८ फेऱ्यांच्या विजेच्या यंत्रावर एकदांच वाजवून संगणकावर उतरून घ्यावी. त्यासाठीं सुमारें एक सहस्रांश इंचाच्या बारीक सुईऐवजीं तीन सहस्रांश इंचाची सुई लागते, हें विक्रेत्यास स्पष्ट सांगावें. मग ती मूळ तबकडी कपाटांत विसांवूं द्यावी. ज्यांच्या प्रती पुष्कळ घरांत आहेत त्या मात्र जुन्या यंत्रावर खुशाल वाजवाव्या. मुलांनीं चावी फिरवावी, सुई बदलावी. न वाजणारें यंत्र थिजतें.

वाटण्या होतात तेव्हां यंत्र एका भावाकडे व तबकड्या दुसऱ्याकडे, असा न्याय कित्येक घरांत झालेला आहे. तो न्याय नव्हे. सन १९७७ मध्यें अमेरिकेनें व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळांत पाठविली, तींत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्यासोबत सुईहि पाठविली आहे, आणि वेष्टनावर फिरण्याची गति कोरून ठेवली आहे. येथें एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या दोन भावांनीं निदान इतकें करण्यास हरकत नसावी.

तबकड्या उभ्या ठेवाव्या, एकीवर एक रचूं नयेत. उन्हाजवळ तर मुळींच नकोत, त्या वांकतात. कोंकणांत व घांटमाथ्यावर पावसाळ्यांत कागदी पिशव्यांस बुरशी धरते. आषाढापूर्वीं त्या बदलाव्या. वाजवून झालें कीं चावी उतरवून ठेवावी, आणि पावसाच्या चार महिन्यांत पंधरवड्यांतून एकदां चार फेरे देऊन यंत्र तबकडीवांचून फिरवावें.