जोडीनं वारी: पुणे ते सासवडचा एक दिवस

यंदा आषाढीच्या पायी वारीला जोडीनं जायचं, असं गटातल्या बऱ्याच जणींच्या मनात आहे. म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको माउलींच्या पालखीबरोबर चाललो, त्यातल्या एका दिवसाबद्दल आज सांगतो. तो दिवस पुणे ते सासवडचा. ही मोठी मजल, सुमारे ३० किलोमीटरची, आणि वाटेत दिवे घाटाची चढण. शिवाय बहुतेक वर्षी या दिवशी एकादशी येते, म्हणजे उपासही.

पहाटे तीनला उठलो. टँकरच्या पाण्यानं अंघोळ केली, वळकट्या दिंडीच्या ट्रकात टाकल्या आणि निघालो. लगेच एक गोष्ट कळली. जोडीनं जाणं म्हणजे शेजारी चालणं नव्हे. दिंडीत पताका आणि टाळकरी पुढं असतात, डोईवर तुळस घेतलेल्या बायका मागं. दिवसभर भेट व्हायची ती विसाव्यालाच.

इथंच आमची चूक झाली. पाणी, खाऊ आणि मोबाइल एकाच पिशवीत ठेवले होते आणि पिशवी होती यांच्या खांद्यावर. ‘तुला ओझं नको’ म्हणून मायेनंच घेतली होती. वडकी नाल्याच्या विसाव्याला भेटलो, तेव्हा हे म्हणाले, “पाणी पी की गं.”

“नको. मग घाटात जायचं कुठं?”

हे गप्प झाले. एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

घाटाच्या मध्यावर आमच्यातल्या बायकोला, म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलणाऱ्या ताईला, भोवळ आली. एका अनोळखी माउलीनं कडेला बसवलं आणि मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पुढं गेलेल्या यांना काहीच कळलं नाही. रात्री सासवडला ते तासभर राहुट्यांमधून शोधत फिरले. गर्दीत फोन लागत नव्हता.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा असतो. दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि शांत बसून आपसात काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हीही ठरवा.

पिशव्या दोन घ्यायच्या. दोघांकडे आपापलं पाणी, केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि थोडे पैसे हवेत. दिंडीचा नंबर, ती रथाच्या पुढं आहे की मागं, आणि घरचा फोन, हे चिठ्ठीवर लिहून अंगाजवळ ठेवायचं. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, हे सकाळीच बोलून ठेवायचं.

पाणी तहान लागायच्या आधीपासून घोट घोट प्यायचं. वाटेवर हल्ली फिरती शौचालयं उभी असतात. विसावा आला की ती कुठं आहेत ते यांनी आधी पाहून यायचं, असं ठरलं. लघवी दाबून धरल्यानं आणि पाणी कमी प्याल्यानं जळजळ होते, डोकं दुखतं, चक्कर येते. अशक्तपणा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्या. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल, तर उपास आणि चालणं डॉक्टरांना विचारूनच.

चप्पल-बूट रोजच्या वापरातले घ्या, नवे नकोत. पायाला फोड आला तर फोडू नका, धुऊन स्वच्छ फडकं बांधा. आणि दोघांपैकी ज्याचे पाय दुखतात, त्यानं ‘थांबूया’ म्हटलं की थांबायचं. त्यात कमीपणा नाही.

पुढच्या वाटेवर प्रत्येक विसाव्याला हे आधी शौचालय पाहून यायचे आणि मग विचारायचे, “बाटली रिकामी झाली का?” आता रानात खुरपायला जातानाही आमच्याकडे दोन बाटल्या असतात, आणि बांधाला यांनी जुन्या साड्यांचा एक आडोसा केलाय.

रामकृष्ण हरी, मैत्रिणींनो!