भाजणीची चिठ्ठी

आमच्या पनवेलच्या घरातले चकलीच्या भाजणीचे प्रमाण आईला तिच्या सासूबाईंकडून मिळाले आणि आईकडून ते आमच्या सौभाग्यवतीकडे आले. गेल्या वसुबारसेला शेजारच्या वहिनींनी ते चिठ्ठीवर उतरवून नेले. पाडव्याला त्यांच्या चकल्यांचे ताट आले, तेव्हा आमचे डॉक्टर फराळाला बसले होते. चिठ्ठीची हकिगत ऐकून ते हसले. "प्राध्यापकसाहेब, जंतूही हेच करतात!"

मला हसू आले नाही. भाद्रपदात आईला लघवीच्या विकाराने ताप आला, तेव्हा माझ्या घशासाठी आणलेल्या गोळ्यांतल्या उरलेल्या चार मीच तिला दिल्या होत्या. ताप हटेना. तपासणीच्या कागदावर एकामागून एक औषधापुढे तोच शेरा : जंतू दाद देत नाहीत.

"माझ्या गोळ्यांनीच जंतू निर्ढावले का?"

"औषध जंतूला काही शिकवीत नाही. ते बिनचिठ्ठीचे जंतू मारते; मग मोकळ्या रानात चिठ्ठीवाले माजतात."

ही चिठ्ठी म्हणजे प्लाझ्मिड. जंतूच्या गुणसूत्राहून निराळे, डीएनएचे इवलेसे कडे. औषध निकामी कसे करावे हे सांगणारी जनुके त्यावर असू शकतात, कधी एकाच कड्यावर अनेक औषधांची. दोन जंतू भिडले की एक दुसऱ्याला नक्कल देतो. स्वतःची प्रत स्वतःपाशी राहतेच. घेणारा आपल्याच जातीचा हवा, असेही नाही. शिवाय काही जंतू मेलेल्यांचे विखुरलेले डीएनए उचलतात. कधी जंतूंवर जगणारे विषाणू ते इकडून तिकडे नेतात.

२००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला. हे गृहस्थ आधी नवी दिल्लीत रुग्णालयात होते, म्हणून त्या जनुकाला 'एनडीएम-१' हे नाव पडले. तेच जनुक त्यांच्या आतड्यातल्या निराळ्या जातीच्या जंतूतही निघाले! मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात, कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जंतू तपासले गेले. २२ मध्ये हेच जनुक होते. मुंबई म्हणजे आम्हांला लोकलचा प्रवास!

आई अखेर शिरेतल्या इंजेक्शनांनी बरी झाली. आता आमच्या घरी डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी कोणाला गोळी देत नाही.

वहिनींची चकली आमच्याहून खुसखुशीत निघाली. "प्रमाण दिल्याने आपले थोडेच कमी होते?" आई म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मुकाट्याने दुसरी चकली उचलली.